केस गळतील, हे आधी सांगा

त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येणाऱ्या रुग्णांचे आम्हाला नवल वाटत नाही. पिशवीत आठवडाभराचे गळलेले केस असतात. उशीवरचे, कंगव्यातले, न्हाणीघराच्या जाळीत अडकलेले, नीट गुंडाळी करून ठेवलेले. तोंडी सांगून डॉक्टरांना खरे वाटणार नाही, म्हणून आणलेला हा पुरावा. गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी अशीच एक पिशवी घेऊन ३८ वर्षांच्या एक शिक्षिका आल्या. मेच्या सुट्टीत त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ११८ किलोंवरून त्या ९२ वर आल्या होत्या. मधुमेहाची एक गोळी बंद झाली होती, शाळेचा जिना चढताना लागणारा दम गेला होता. हे सगळे त्यांनी एका दमात सांगून टाकले आणि पिशवी टेबलावर ठेवली. ‘‘डॉक्टर, गौरींना सगळं गोत जमणार आहे आमच्याकडे. आणि हे होणार असं मला कुणीच सांगितलं नव्हतं.’’

त्यांच्या या शेवटच्या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे. वजन घटवण्याच्या, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर केस गळतात हे सर्जनना माहीत असते, आहारतज्ज्ञांना माहीत असते, आम्हा त्वचातज्ज्ञांना तर असतेच. रुग्णाला मात्र ते कंगव्यातून कळते. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तर निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास होतो असे दिसते, आणि त्यातही तरुण स्त्रियांना जास्त. इतक्या वेळा घडणारी गोष्ट शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्यात येत नाही, किंवा आली तरी ‘थोडे केस जातील, येतील परत’ एवढ्यावर संपते. संमतिपत्रावर रक्तस्राव असतो, टाके गळण्याचा धोका असतो, पायातल्या गुठळीचा उल्लेख असतो. ते सगळे असायलाच हवे. पण ज्या गोष्टी क्वचित घडतात त्या लेखी आणि जी बहुधा घडणार ती तोंडी, तीही घाईत, हा हिशेब मला पटत नाही.

आधी हे केस का गळतात ते पाहू. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातला प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ थांबवतो आणि सुमारे तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, उरलेले विश्रांतीत असतात. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा याच चक्राचा भाग. शरीराला मोठा धक्का बसला की वाढणाऱ्या केसांतले बरेचसे मुदतीआधीच विश्रांतीत जातात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ हे नाव दिले. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर गळतात, कोविडनंतर तर घरोघरी गळले, ते सगळे याच जातीचे.

यात रुग्णाला चकवणारी गोष्ट आहे ती तारीख. केस आज गळला तरी त्याचा निर्णय दोन-तीन महिन्यांपूर्वी झालेला असतो. शिक्षिकाबाईंची शस्त्रक्रिया मेमध्ये झाली. मे, जून, जुलै या काळात सगळे छान चालले होते. श्रावण लागला आणि ओंजळीने केस यायला लागले. साहजिकच त्यांनी श्रावणात काय बदलले याचा शोध घेतला. पाणी बदलले का, शाम्पू बदलला का? शेवटी ठपका आला रोजच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीवर, कारण ‘ती उष्ण पडते’ असे शेजारच्या वहिनींनी सांगितले होते. त्यांनी गोळी बंद केली. म्हणजे केस वाचवायला म्हणून केसांना हवे तेच थांबवले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी नुसते एवढे म्हटले असते, की ‘साधारण ऑगस्टमध्ये केस गळायला लागतील, घाबरू नका, गोळी सोडू नका आणि मला फोन करा’, तर ही चूक झाली नसती.

‘येतील परत’ हे वाक्य खोटे नाही. मला त्याची भीती वाटते ती ते अर्धेच खरे असल्यामुळे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू झालेली गळती सहसा पुढच्या सहा महिन्यांत आटोक्यात येते. मूळ जिवंत असते, टाळूला आजार नसतो, टक्कल पडत नाही. भूल, शस्त्रक्रियेचा ताण आणि त्यानंतर अचानक घटलेले खाणे या तिन्हींवर शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दिवसाला आठशे कॅलरीसुद्धा पोटात जात नाहीत. शरीराने तेवढ्यात हृदय, यकृत, स्नायू सांभाळायचे, जखम भरायची. केस त्याच्या यादीत फार खाली असतात. इथपर्यंत धीर धरा हाच उपाय.

पण हीच गळती थांबायचे नाव घेत नसेल, वर्ष उलटून गेल्यावर नव्याने सुरू झाली असेल, किंवा तिच्याबरोबर थकवा, धाप, पावलांना सूज, जीभ सोलवटणे, हातापायांना मुंग्या यांतले काही असेल, तर तिचा अर्थ वेगळा असतो. तेव्हा आत काहीतरी कमी पडते आहे आणि केस ते सर्वांत आधी दाखवत आहेत. अशा रुग्णाला ‘येतील परत’ म्हणून घरी पाठवणे म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा कापडाने झाकण्यासारखे आहे.

कमी का पडते, हे शस्त्रक्रियेच्या रचनेतच आहे. आपल्याकडे सर्वाधिक होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी उरवतात. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. आता लोह शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात, आणि बायपासमध्ये अन्न नेमके तोच भाग टाळून पुढे जाते. वनस्पतिजन्य लोह शोषण्याजोगे करायला जठरातले आम्ल लागते, तेही घटलेले असते. बी-१२ शोषायला जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. जस्ताचेही, म्हणजे झिंकचेही, शोषण कमी होते. केस गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या रुग्णांची तुलना केली तेव्हा गळणाऱ्यांमध्ये फेरिटिन, जस्त आणि फोलिक आम्ल कमी आढळले आहे. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन घसरण्याच्या बरेच आधी तो रिकामा होतो, म्हणून ‘हिमोग्लोबिन तर ठीक आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये.

इथे आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. वजन जास्त म्हणजे अंगात सगळे भरपूर, हा गैरसमज आहे. जाड व्यक्तीच्या अंगात लोह, ड जीवनसत्त्व, बी-१२ कमी असणे अगदी नेहमीचे आहे. म्हणजे आपल्या कित्येक स्त्रिया शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढतात तेव्हाच त्यांचा साठा तळाला गेलेला असतो, आणि त्यानंतर आपण शोषणाची वाट अरुंद करतो. शिक्षिकाबाईंच्या फायलीत शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांचा गठ्ठा होता. त्यात ईसीजी होता, सोनोग्राफी होती, एंडोस्कोपी होती. फेरिटिन नव्हते. मी करून घेतले तेव्हा ते ९ आले.

आता ताटाकडे वळू, कारण मला सर्वांत जास्त चिंता त्याची वाटते. केस हा जवळजवळ सगळा केराटिन या प्रथिनाचा. या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगितले जाते. एका वेळी अर्धी वाटीच खाता येते अशा माणसाने ती आणायची कुठून? शिक्षिकाबाईंना मी एका दिवसाचे खाणे लिहून आणायला सांगितले. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे. अकराला ताक. दुपारी चार घास मऊ भात, वरणाचे पाणी. चारला पुन्हा चहा. रात्री टोमॅटोचे सूप, अर्धी पोळी दुधात कुस्करून. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खीर. या सगळ्याची प्रथिने मोजली तर २० ग्रॅमच्या फार पुढे जात नाहीत. आणि त्या आळशी नव्हत्या, घरच्यांचे दुर्लक्षही नव्हते. उलट सासूबाई पथ्याचे म्हणून प्रेमाने सगळे करून घालत होत्या. पण आपल्याकडचे पथ्य म्हणजे पातळ, मऊ आणि पचायला हलके. त्यात प्रथिने किती हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघराने कधी विचारलेला नाही. वरणाच्या पाण्यात डाळीचा रंग असतो, डाळ फारशी नसते. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट.

एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा, पेलाभर दुधात सहा-सात, शिजवलेल्या चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये पंचविसेक. सोयाबीनच्या वड्या पन्नास ग्रॅम घेतल्या तर पंचवीस, पण तेवढ्या भिजून फुगल्यावर या पोटात एका वेळी मावत नाहीत. म्हणून नियम एकच: घासभर जागा आहे, तर पहिला घास प्रथिनांचा. आधी पनीर, अंडे, मासा किंवा घट्ट डाळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. शाकाहारी घरात ६० चा आकडा नुसत्या जेवणातून गाठणे कठीण जाते, तेव्हा आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर घेण्यात कमीपणा काहीच नाही. ‘पावडरी जिमवाल्यांच्या’ हे मी रोज ऐकतो. घेणाऱ्याचे पोट किती उरले आहे ते बघून ठरवावे.

केस गळू लागलेला माणूस ताटाकडे शेवटी बघतो, आधी दुकानाकडे. तेल, सिरम, गमी, डोक्यात टोचायची पीआरपी, आणि सगळ्यांत वर बायोटिन. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, आणि ती नसलेल्या माणसाचे केस बायोटिनने थांबतात याला भक्कम आधार नाही. वर त्याचा एक तोटा फार थोड्यांना माहीत असतो. मोठ्या मात्रेतले बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांमध्ये घोटाळा करते. थायरॉइडचे आकडे चुकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मधुमेह, रक्तदाब असलेल्या, म्हणजे ज्यांना ही शस्त्रक्रिया करावी लागते नेमक्या त्या लोकांसाठी ही बाब किरकोळ नाही. घेत असाल तर निदान रक्त द्यायच्या आधी सांगा.

‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांचे मिश्रणही वाचून घ्यावे. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडले तर वाईट, पण जास्त झाले तर त्यांच्यामुळेच केस गळतात. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे हवालदिल झाली होती, काही दिवसांत लोकांची डोकी रिकामी होत होती. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथल्या रुग्णांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले आणि जस्त घटलेले आढळल्याचे सांगितले व त्याचा संबंध खाण्यातल्या गव्हाशी जोडला. तो प्रकार वेगळा, पण जास्त घेतले म्हणजे जास्त फायदा, ही समजूत मोडायला पुरेसा आहे. जस्ताचेही तसेच. मनाने महिनोन् महिने जास्त जस्त घेतले की शरीरातले तांबे घटते, आणि त्यातून रक्तक्षय होतो, नसांवर परिणाम होतो.

माझ्या परिचयाच्या एका सर्जनशी यावर वाद झाला. त्यांचे म्हणणे सरळ होते. ‘‘केसांचं एवढं ठासून सांगितलं तर निम्म्या बायका शस्त्रक्रियाच करून घेणार नाहीत. मग त्यांचा मधुमेह तू बरा करणार आहेस का?’’ हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या शस्त्रक्रियेने मधुमेह आटोक्यात येतो, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास जातो, आयुष्य वाढते. मी तिच्या विरोधात नाही, माझ्या घरातल्या माणसाला गरज पडली तर मी करा म्हणेन. पण केसांबद्दल ऐकून जी बाई माघार घेईल, तिला तो निर्णय घ्यायचा हक्क आहे. आणि माझा अनुभव उलटा आहे. आधी कळलेले असते ती स्त्री तिसऱ्या महिन्यात फारशी घाबरत नाही. वैतागते, केस बारीक कापून घेते, पण गोळ्या चालू ठेवते. न सांगता केस गेलेल्या स्त्रीचा विश्वास जातो. मग ती तपासण्यांना यायचे थांबते आणि खरी कमतरता अंधारात वाढत राहते. लपवल्याने वाचते काय, मला समजलेले नाही.

यात ‘दिसण्याचे काय एवढे’ म्हणणाऱ्यांनी एकदा घरातल्या समारंभात बसून बघावे. वजन होते तेव्हा त्यावरून बोलणारे हेच लोक आता ‘अगं, मूळचीच बरी होतीस, तोंड बघ किती उतरलंय, केस तर राहिलेच नाहीत’ म्हणतात. वर्षानुवर्षे शरीरावरून बोलणी खाल्लेल्या बाईने एवढे मोठे धाडस केले आणि पुन्हा तिचे शरीरच चर्चेला आले. केसांचा प्रश्न किरकोळ असे ठरवायचा अधिकार ज्याच्या डोक्यावर ते आहेत त्याला असावा.

आता या प्रश्नाची व्याप्ती वाढते आहे. वजन घटवणारी इंजेक्शने, म्हणजे टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड, २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळू लागली. सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत केस गळण्याची तक्रार औषध घेणाऱ्या सुमारे तीन टक्के लोकांनी केली, नुसते खोटे इंजेक्शन घेणाऱ्या एक टक्क्याने. शस्त्रक्रियेपेक्षा प्रमाण खूप कमी आहे, आणि कारण बहुधा तेच, भराभर घटणारे वजन आणि मंदावलेले खाणे. पण शस्त्रक्रियेच्या रुग्णामागे निदान एक सर्जन, एक आहारतज्ज्ञ, एक फाइल असते. इंजेक्शन घेणाऱ्याला पुष्कळदा चिठ्ठी मिळते आणि औषधाचे दुकान. ‘दोन घास खाल्ले की पोट भरतं’ असे कौतुकाने सांगणाऱ्यांना ते दोन घास कशाचे होते, हे विचारणारे कोणी नसते.

माझी मागणी फार मोठी नाही. शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्यांत फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल असावे आणि जे कमी असेल ते आधी भरून काढावे. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि पुढे दरवर्षी, याच तपासण्या पुन्हा व्हाव्यात. केस कोणत्या महिन्यात गळायला लागतील आणि कोणत्या महिन्यानंतर गळत राहिले तर काळजी करायची, हे डिस्चार्जच्या कागदावर मराठीत लिहून द्यावे. खर्चाची अडचण खरी आहे. विम्यात सहसा शस्त्रक्रिया बसते, पुढच्या आयुष्यभराच्या गोळ्या आणि तपासण्या बसत नाहीत. तो हिशेबही आधीच सांगायला हवा, कारण वर्षभराने गोळ्या सुटतात त्या बऱ्याचदा आळसामुळे नव्हे, पैशांमुळे.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांच्यासाठी थोडेसे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये निदान दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. सारख्या उलट्या होत असतील तर केसांची वाट न पाहता लगेच सर्जनकडे जा. त्यात बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. भांग रुंदावत चालला असेल, चकत्या पडत असतील, किंवा आधीपासून पीसीओएस असेल तर आम्हाला दाखवा. ती वेगळी गळती असू शकते आणि तिचे औषध वेगळे.

शिक्षिकाबाईंना मी डोक्याला लावायचे काहीच दिले नाही, याचे त्यांना थोडे वाईट वाटले. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू झाली, लोहाची वेगळी दिली, सासूबाईंना सोबत बोलावून पनीर आणि मूगडाळीच्या घट्ट धिरड्यांवर आमची अर्धा तास चर्चा झाली. गौरींना त्यांनी केस खांद्यापर्यंत कापले आणि विचारणाऱ्यांना ‘नवी फॅशन’ म्हणून सांगितले. डिसेंबरात पिशवी आली नाही. या मेमध्ये आल्या तेव्हा कपाळावर बोटभर लांबीचे केस उभे राहिले होते, आणि ते पिनेत बसत नाहीत ही त्यांची तक्रार होती. फेरिटिन ३४ वर आले आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत.